लुकलुकणारं विमान आणि नांदूरचे पक्षी

रात्री विमानाच्या पंखांच्या टोकांवर जे दिवे दिसतात, त्यांच्या उजेडात वैमानिकाला काहीही दिसत नाही. धावपट्टी उजळायला वेगळे दिवे असतात, पुढे रोखलेले, डोळे दिपवणारे. टोकांवरचे लाल-हिरवे, पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा लाल आणि मधूनच विजेसारखा चमकून जाणारा पांढरा, हे सगळे दिवे विमान इतरांसाठी वागवत असतं. मी इथे आहे, मला बघा, एवढंच त्यांचं म्हणणं. ओझरला उतरणारं विमान गच्चीवरून पाहताना मला दर वेळी वाटतं, हे 'मला बघा' नेमकं कुणाला सांगणं चाललंय? दुसऱ्या वैमानिकाला, हे तर झालंच. पण त्याच वेळी त्याच हवेत आणखी कितीतरी डोळे असतात.

माझं लहानपण ओझरच्या टाउनशिपमध्ये गेलं. जुने नाशिककर त्या गावाला अजून 'ओझर मिग' म्हणतात. १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे आला, आणि मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची लढाऊ विमानं तिथून आकाशात गेली. बाबा तिथे इलेक्ट्रिकलला होते. आम्ही मुलं आवाजावरून विमान ओळखायचो, पण बाबांना आवाजात रस नव्हता, दिव्यांत होता. जेवणं झाली की अंगणात खाट टाकून ते आकाशाकडे बघत पडायचे आणि मुंबईहून उत्तरेला जाणारी विमानं आम्हाला दाखवायचे. लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे, शेपटीला पांढरा. पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं.

हा नियम मुळात जहाजांचा. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं वाढली, रात्रीच्या टकरी वाढल्या, तेव्हा डाव्या अंगाला लाल आणि उजव्याला हिरवा कंदील ठरला. विमानांनी तोच उचलला. यातली गंमत रंगांपेक्षा कोनांत आहे. लाल दिवा नाकासमोरच्या रेषेपासून डावीकडे ११० अंशांत दिसतो, हिरवा उजवीकडे ११० अंशांत, आणि मागचा पांढरा उरलेल्या १४० अंशांत. मिळून पूर्ण वर्तुळ. त्यामुळे कोणता रंग दिसतो त्यावरून समोरच्याचं तोंड कुठे आहे ते कळतं. फक्त लाल दिसला तर तो आपल्या डावीकडे चाललाय. फक्त पांढरा, तर पाठ करून जातोय. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर तो सरळ आपल्या अंगावर येतोय. अंधारात एकही शब्द न बोलता एवढी माहिती देणारी दुसरी भाषा मला माहीत नाही.

पण ही भाषा वाचायला आधी तो दिवा सापडायला हवा, आणि स्थिर दिवा सापडणं अवघड. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून रात्री शहराकडे पाहिलंत तर लक्षात येईल. खाली अंबडचे कारखाने, महामार्गावरची वाहनांची रांग, पलीकडे सिडकोची घरं, वर तारे. या सगळ्यात एक बारीक लाल ठिपका सरकत असेल तर तो शोधायला डोळ्यांना बराच वेळ लागतो. लुकलुकणारा मात्र शोधावा लागत नाही, तो स्वतःच डोळ्यांना ओढून घेतो.

असं का होतं? आपण जिकडे टक लावून बघतो त्या दृष्टिपटलाच्या मध्यभागात बारकावे टिपणाऱ्या पेशी असतात, अक्षर वाचायला त्या लागतात. कडेच्या भागात दंडपेशींची गर्दी असते. त्यांना बारकावे कळत नाहीत, रंगही नाही, पण अंधुक उजेड आणि बदल त्यांना चटकन कळतो. काहीतरी होतं, नव्हतं झालं, पुन्हा झालं, एवढं कळलं की त्या मान वळवायला लावतात. वैमानिक बहुतेक वेळ कॉकपिटमधल्या काट्यांकडे आणि पडद्यांकडे बघत असतो. बाहेरचं विमान त्याला दिसणार ते डोळ्याच्या कडेलाच. म्हणून टकरीपासून वाचवणारे दिवे लुकलुकणारे केले. ते मिनिटाला ४० पेक्षा कमी आणि १०० पेक्षा जास्त वेळा लुकलुकू नयेत असा नियम आहे. फार सावकाश लुकलुकले तर दोन झळकींच्या मध्ये शोधणारी नजर पुढे निघून जाते, कारण तासाला साडेचारशे किलोमीटरने जाणारं विमान एका सेकंदात सव्वाशे मीटर सरकतं. फार भराभर लुकलुकले तर तो दिवा स्थिर दिव्याच्या जवळ जातो आणि मूळ हेतूच संपतो.

आणखी एक अडचण आहे, ती बाबांनी मला फार पुढे, मी कॉलेजात असताना समजावली. क्षणभर चमकलेला दिवा, तितक्याच ताकदीच्या स्थिर दिव्यापेक्षा डोळ्याला फिका वाटतो. डोळ्याला उजेड साठवायला थोडा अवधी लागतो आणि झळक त्याआधीच संपलेली असते. ब्लाँडेल आणि रे या दोन फ्रेंच संशोधकांनी १९११ मध्ये याचं गणित मांडलं. ते दीपगृहांच्या काळातलं गणित, पण विमानांच्या दिव्यांची ताकद ठरवायला आजही तेच वापरतात. म्हणून पंखांच्या टोकांवरचा स्ट्रोब, म्हणजे तो विजेसारखा चमकणारा पांढरा दिवा, इतका प्रखर असतो. जुन्या पद्धतीत कपॅसिटरमध्ये वीज साठवून ती झेनॉन वायूच्या नळीतून एका झटक्यात सोडतात. आता त्या जागी एलईडी येत आहेत. एअरबसची विमानं बहुधा लागोपाठ दोनदा चमकतात, बोइंग एकदा. गच्चीवरून विमान ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

पाठीवरचा आणि पोटाखालचा लाल बीकन हा बाबांचा सगळ्यात लाडका दिवा. इंजिन सुरू करण्याआधी तो लावायचा आणि इंजिन पूर्ण थांबल्यावरच विझवायचा. तो चालू आहे तोवर जवळ जायचं नाही. जेट इंजिन माणसाला आत ओढून घेऊ शकतं, आणि कानांत बोळे असताना आवाजावर भरवसा ठेवता येत नाही. "तो दिवा आधी आमच्यासाठी आहे, मग आकाशातल्यांसाठी," असं ते म्हणायचे. हे त्यांनी अभिमानाने सांगितलेलं मला आठवतं, आणि तो अभिमान रास्त होता.

आता टकरीबद्दल थोडं सविस्तर, कारण हे मला समजलं तेव्हा लुकलुकण्याचं खरं महत्त्व कळलं.

दोन विमानं सरळ रेषेत, कायम वेगाने, एकमेकांना छेदणाऱ्या मार्गांवर चालली आहेत आणि दोन्ही एकाच क्षणी छेदनबिंदूवर पोहोचणार आहेत, असं समजा. अशा वेळी एका वैमानिकाला दुसरं विमान काचेत एकाच जागी दिसत राहतं. ते डावीकडे सरकत नाही, उजवीकडे सरकत नाही. फक्त हळूहळू मोठं होतं, आणि तेही शेवटच्या काही सेकंदांतच भराभर. जे विमान काचेवरून सरकत जातं ते धडकणार नसतं. जे स्थिर दिसतं, तेच धडकणार असतं. जहाजांवरच्या माणसांना हे शेकडो वर्षं माहीत आहे. आपली नजर हालचाल टिपायला घडलेली आहे, आणि नेमका जीवघेणा ठिपकाच हलत नाही! ही फार भयंकर गोष्ट आहे. त्या न हलणाऱ्या ठिपक्यात दिव्याच्या लुकलुकीने बदल आणला जातो, आणि तो बदल डोळ्याच्या कडेला कळतो. ही युक्ती ज्या कुणाला प्रथम सुचली असेल, त्याने किती जीव वाचवले असतील.

अर्थात दिव्याचीही मर्यादा असते. ढगात शिरल्यावर स्ट्रोबचा उजेड भोवतालच्या वाफेवर आपटून परत येतो, म्हणून वैमानिक तो तिथे बंद करू शकतात. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. तिथेही ढग होते. त्यानंतर भारतात येणाऱ्या विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. एका विमानाचा ट्रान्सपाँडर, म्हणजे रेडिओ संदेशाला आपोआप उत्तर देणारं यंत्र, दुसऱ्याला उत्तर देतो, आणि अंतर कमी झालं की एकाला वर आणि दुसऱ्याला खाली जायला सांगितलं जातं. तेव्हापासून मोठ्या विमानांच्या बाबतीत डोळ्यांवरचा भार बराच हलका झाला.

पक्ष्याकडे ट्रान्सपाँडर नसतो. त्याच्याकडे डोळेच आहेत.

२० मे २०२४ च्या रात्री मुंबईत घाटकोपरला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा उतरणीला लागलेल्या एका प्रवासी विमानावर आदळला. विमान सुखरूप उतरलं. सुमारे चाळीस रोहित मेले. दुसऱ्या दिवशी लोकांच्या अंगणांत, रस्त्यावर पडलेल्या त्या गुलाबी पंखांची छायाचित्रं पाहिली तेव्हा मला काही सुचेना. हे पक्षी नांदूरमध्यमेश्वरलाही येतात. मी त्यांना तिथल्या चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावरून उथळ पाण्यात माना उलट्या करून चरताना पाहिलेलं आहे. टाउनशिपमध्ये वाढल्यामुळे विमानाबद्दल मला जन्मभराची माया आहे, आणि गेली बरीच वर्षं हिवाळ्यात वनखात्याच्या पक्षीगणनेला मी जाते, त्यामुळे पक्ष्यांबद्दलही. त्या सकाळी या दोन माया एकमेकींवर आदळल्या.

नांदूरमध्यमेश्वर ओझरच्या धावपट्टीपासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा झाला, मागे गाळ साठत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. थंडीत चक्रवाक येतात, तलवार बदकं येतात, थापट्या येतो, क्रौंचांचे थवे येतात. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे पूर्वेकडून उतरणारं विमान निफाड तालुक्यावरूनच येणार. सिंहस्थ तोंडावर आहे, विमानांची ये-जा वाढणार. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या आकाशात प्रवासी विमानांची गर्दी नव्हती. आता ती होत जाईल, आणि ती व्हावी असंही मला वाटतं.

म्हणून विमानाचा दिवा पक्ष्याला कसा दिसतो, हा प्रश्न मला जवळचा आहे.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. पक्ष्यांत चार असतात. आपल्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा, अतिनील उजेड बऱ्याच पक्ष्यांना दिसतो. त्यांची लुकलुक टिपण्याची ताकदही निराळी. सेकंदाला पन्नास-साठ वेळा चालू-बंद होणारा दिवा आपल्याला सलग वाटतो. काही लहान पक्ष्यांवरच्या प्रयोगांत सेकंदाला १३० हून अधिक वेळा होणारी लुकलुकही त्यांना सुटीसुटी कळते असं दिसलं. म्हणजे आपण ज्या नळीच्या दिव्याखाली निवांत बसतो तो एखाद्या पाखराला थडथडताना दिसत असेल.

आणि डोळे असतात कुठे? बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्यांना बाजूचं आणि मागचं भरपूर दिसतं, समोर दोन्ही डोळ्यांनी दिसणारी पट्टी मात्र अरुंद असते. थापट्या बदकाचं मला फार आश्चर्य वाटतं. चिखलपाण्यातून चोच ओढत जाणारा हा पक्षी चोचीच्या स्पर्शाने अन्न गाळून घेतो, त्याला चोच बघावी लागत नाही, आणि त्याच्या डोळ्यांना डोक्याच्या वरचं, मागचं, सगळं आकाश एकाच वेळी दिसतं. याउलट दक्षिण आफ्रिकेतल्या नील क्रौंचांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की त्या जातीच्या डोक्याच्या वरच्या बाजूला मोठा आंधळा भाग असतो. उडताना खाली चरायची जागा शोधायला त्याने मान पुरेशी झुकवली, तर तो ज्या दिशेने उडतोय त्याच दिशेचं त्याला काही दिसत नाही. वीजवाहिन्यांवर असे पक्षी का आदळतात याचं हे एक उत्तर आहे. हवेत पुढून काहीतरी येऊन आदळेल, हे लाखो वर्षांत त्यांना कधी अपेक्षितच नव्हतं.

वेगाचंही तसंच. घारीचा, ससाण्याचा वेग पक्ष्याला कळतो, तेवढ्यापुरतं त्याचं शरीर तयार आहे. अमेरिकेत काऊबर्ड नावाच्या पक्ष्यांना पडद्यावर अंगावर येणारं वाहन दाखवून पाहिलं. वाहन ठरावीक अंतरावर आलं की ते उडायचे. ते किती वेगाने येतंय, याचा हिशेब त्यांनी फारसा केलाच नाही. त्यामुळे वेग तासाला १२० किलोमीटरच्या पुढे गेला की उडूनही उपयोग नव्हता, वेळ पुरायचाच नाही. प्रवासी जेट विमान उडताना आणि उतरताना त्याच्या दुप्पट वेगात असतं. घाटकोपरच्या रोहितांना विमान दिसलंच नसेल असं मी म्हणणार नाही. दिसलं असेल, आणि ते आणखी लांब आहे असंही वाटलं असेल.

दिव्याचा उपयोग असेल तर तो इथे. पक्षी अंतरावरच भरवसा ठेवतो ना, मग त्याचं लक्ष अधिक लांबून वेधलं तर त्याला चार सेकंद जास्त मिळतील. कॅनडा हंसांवर रेडिओने चालणारं छोटं विमान नेऊन प्रयोग झाले. दिवे लावलेलं विमान येताना हंस लवकर सावध झाले. हंसांवर प्रयोग होण्याला कारणही आहे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये याच हंसांच्या थव्याने एका एअरबसची दोन्ही इंजिनं बंद पाडली आणि कॅप्टन सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीवर उतरवलं, १५५ माणसं वाचली. काही विमान कंपन्या उतरतानाचे मोठे दिवे डावा-उजवा असे आळीपाळीने लुकलुकवतात, तेही याचसाठी. दहा हजार फुटांच्या खाली दिवसाढवळ्या लँडिंग लाइट लावून ठेवायची पद्धत आहे, त्यामागेही दुसऱ्या विमानांबरोबर पक्ष्यांचा विचार असतो.

पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचला तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. काऊबर्डना वेगवेगळ्या रंगांचे एलईडी दाखवले. निळ्या आणि लाल दिव्यापासून ते दूर वळले. हिरव्याचं, अतिनीलचं आणि पांढऱ्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. विमानांचा सगळ्यात प्रखर दिवा पांढरा असतो. एकाच जातीवरचा, बंदिस्त जागेतला प्रयोग आहे, त्यावरून उद्याच सगळ्या विमानांचे दिवे बदला असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. माणसाच्या डोळ्यासाठी आपण अंश मोजले, मिनिटातल्या झळकी मोजल्या, शंभर वर्षांपूर्वीचं दीपगृहाचं गणित जपून ठेवलं. पक्ष्याच्या डोळ्यासाठी हे काम आत्ता कुठे सुरू झालंय, आणि तेही आपल्याकडच्या पक्ष्यांवर नाही. चक्रवाकाला कोणता रंग बोचतो, भोरडीला कोणता, हे कुणीतरी शोधायला हवं, आणि ते शोधायला नाशिकइतकी चांगली जागा कोणती?

भोरडीचं नाव उगाच घेतलं नाही. माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. मण्यात पाणी उतरलं की बागेत पाखरांची झुंबड होते, साळुंक्या, बुलबुल, पोपट. ज्वारीवर भोरड्या उतरतात त्या तर आभाळ काळं करून. मामा तारांना चमकणाऱ्या फिती बांधतात, जुन्या सीड्या टांगतात. वाऱ्यावर त्या फिरल्या की ऊन लखलख परतवतात, अगदी लुकलुकणाऱ्या दिव्यासारखं. मी त्यांना विमानांच्या दिव्यांबद्दल सांगत होते तेव्हा त्यांनी एका वाक्यात सगळा प्रश्न समोर ठेवला. "पाखरू चार दिवस बिचकतं गं. पाचव्या दिवशी त्याच फितीवर बसून झोका घेतं." म्हणून ते फितींच्या जागा बदलतात, मध्येच फटाका उडवतात, आणि शेवटी जाळी अंथरतात, कारण भरवशाची जाळीच.

पक्षी सरावतो. ज्या गोष्टीने इजा झाली नाही, ती त्याच्या लेखी झाडासारखीच होते. १९८६ च्या सुमारास जपानच्या एका विमान कंपनीने इंजिनांच्या मध्यभागी मोठे डोळे रंगवून पाहिले होते, पक्षी घाबरतील म्हणून. ते सगळीकडे पसरलं नाही. आजही इंजिनाच्या नाकावर पांढरा गोगलगाईसारखा वळसा दिसतो, तो इंजिन फिरतंय हे जमिनीवरच्या माणसांना कळावं म्हणून, पक्ष्यांवर त्याचा परिणाम सिद्ध झालेला नाही. मामांचं म्हणणं मला म्हणूनच मोलाचं वाटतं. दिवा पक्ष्याला सावध करेल, पण ज्या जागी रोजचं खाणं आहे तिथून त्याला कायमचा हटवणार नाही.

खाण्याचा बंदोबस्त दिव्याच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम सांगतो की विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापू नयेत, सोलू नयेत, पक्षी-प्राणी जमतील असा केरकचरा टाकू नये. हा नियम किती जणांना माहीत आहे? महामार्गालगत उकिरड्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी मी ओझरच्या आसपास पाहते, तेव्हा मला वर जाणाऱ्या विमानाची आणि घारींची, दोघांचीही काळजी वाटते. बहुतेक बर्ड हिट, म्हणजे विमान आणि पक्ष्यांच्या टकरी, उंच आकाशात होत नाहीत, धावपट्टीच्या जवळ, कमी उंचीवर होतात. १९६० मध्ये बॉस्टनला उडताक्षणी विमान पडलं आणि ६२ माणसं गेली, ते भोरडीच्याच कुळातल्या पक्ष्यांच्या थव्यामुळे. मुठीत मावेल एवढा पक्षी, पण थव्याने इंजिनात गेला.

लुकलुकण्याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो मला सगळ्यात दिलासा देतो. स्थलांतर करणारे पुष्कळ पक्षी रात्री उडतात. ढगाळ रात्री उंच मनोऱ्यावरच्या स्थिर दिव्यापाशी ते आले की त्या उजेडातून बाहेर पडता येत नाही, ते त्याच्याभोवती फिरत राहतात, तारांवर आपटतात, दमून पडतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मनोऱ्यांवरचे स्थिर लाल दिवे बंद करून फक्त लुकलुकणारे ठेवले, तेव्हा पक्ष्यांचे मृत्यू ५० ते ७१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे तिथल्या विमान प्रशासनाने नियमच बदलला. विमानाला मनोरा दिसावा म्हणून लावलेला दिवा, वैमानिकाचं काहीही नुकसान न होता, पक्ष्यांसाठी सौम्य करता आला. दिवा काढावा लागला नाही, फक्त त्याची चाल बदलली.

नाशिकमध्ये आता गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला, वीस-वीस मजल्यांपर्यंत इमारती चढताहेत, आणि मोबाइलचे मनोरे तर निफाडच्या शेतांतही आहेत. माझ्या गच्चीवरून दिसणारे त्यांच्यावरचे लाल दिवे बरेचसे स्थिर आहेत. गंगापूर धरण आणि नांदूर यांच्यामध्ये हे शहर आहे, आणि पाणपक्षी या दोन पाण्यांमध्ये ये-जा करतात. सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला. लोकांनी ऐकून घेतलं, प्रश्न विचारले, आमच्या इलेक्ट्रिशियनने तर दुसऱ्या दिवशी लुकलुकणाऱ्या दिव्याची किंमत काढून आणली. नियमात काय बसतं ते बघून आम्ही तो बदलणार आहोत.

गणनेच्या कागदावरही मी एक रकाना वाढवलाय. त्यात विमान गेल्याची वेळ, ॲपवर दिसलेली त्याची उंची, दिवे लागलेले होते का आणि कोणते, त्या क्षणी पाण्यावर कोण होतं आणि कोण उठलं, हे लिहायचं. थापट्या उठतो की नुसती मान वर करतो, क्रौंचांना विमान कळतं की शेजारचे चक्रवाक ओरडल्यावर कळतं, हे अजून कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलेलं नाही. एकट्या माणसाच्या नोंदींना फारसा अर्थ नसतो, पण चापडगावच्या मनोऱ्यावर रविवारी बरीच मंडळी असतात, तिथले गाइड तर रोजच असतात, आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे. या हिवाळ्यात तिथे येणाऱ्यांना माझी विनंती आहे, घड्याळ बरोबर लावून या, आणि विमानाचा आवाज आला की वर बघण्याआधी पाण्याकडे बघा.